जुनेर आणि त्याची किंमत

पैठणीचा इतिहास सांगणारे पुष्कळ भेटतात. जुनेराचा इतिहास सांगायला सहसा कोणी बसत नाही. त्याला कारणही आहे. शालू, शेले, अंगरखे पेटीत जपले जातात, पेटीतून वस्तुसंग्रहालयात जातात आणि तेथे काचेआड त्यांच्या नावाची पाटी लागते. गरिबाचे वस्त्र असे मागे राहत नाही. ते एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर, अंगावरून अंथरुणात, अंथरुणातून पोतेऱ्यात आणि पोतेऱ्यातून उकिरड्यावर जाते. साधन उरत नाही, म्हणून इतिहासही उरत नाही. तथापि वस्तुरूपाने जे उरले नाही त्याच्या खुणा कायद्याच्या कलमांत, गावकीच्या हक्कांत आणि बायकांच्या बोलण्यात उरतात. कायदा हा आमचा धंदाच असल्यामुळे त्या खुणांकडे आमचे लक्ष जाते, इतकेच.

आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूर या गावाचे नावच बाजाराने सुरू होते. गोदावरीला मिळणाऱ्या कडेम नदीचा उगम याच परिसरातला. मराठी, तेलुगु आणि गोंडी या तिन्ही भाषा या मुलुखात एकमेकींना धक्के देत नांदतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे दोन तालुके आणि बोथ तालुक्यातले एकटे इस्लापूर सर्कल तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. बोथ तालुक्यातलेच बाजारहत्नूर मागे राहिले, आंध्र प्रदेशात आले आणि २ जून २०१४ पासून ते तेलंगणात आहे. सीमा अशी सर्कलासर्कलांतून फिरली. बाजारात मांडी घालून बसलेल्या बाईच्या तोंडची मराठी मात्र होती तशीच राहिली. या भागातल्या आठवडी बाजारांत भाजी, मिरची, दोरखंड, विळे-कोयते यांच्या शेजारी जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीवर कपड्यांचे ढीग दिसतात. काही गिरणीचा उणा माल, काही शहरातल्या दुकानांतून न खपलेला, आणि काही सरळसरळ दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला. जिल्हा कापसाचा. ज्याच्या शेतातून गाडीभर कापूस बाजारसमितीत जातो, तोच शेतकरी परतताना या ढिगात वाकून पोराच्या मापाची पँट शोधतो, हे येथे नित्याचे आहे.

दुसऱ्याने वापरलेले वस्त्र आपल्याकडे दोन वाटांनी येते. एक तर कोणी तरी ते आपल्याला देतो, नाही तर आपण दाम मोजून ते घेतो. वस्त्र तेच, वीणही तीच, काखेतले ठिगळही तेच. पण पहिल्या वाटेने आलेल्या वस्त्राला आमच्या भाषेत ‘उतरण’ म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. दुसऱ्या वाटेने आलेल्या वस्त्राला असा शब्दच नाही. तो फक्त कपडा. या दोन वाटांमधला फरक हा जुनेराच्या इतिहासाचा गाभा आहे असे आम्हांस वाटते.

घरातल्या घरात उतरणीला लाज नसते, हे आधी सांगितले पाहिजे. थोरल्याचा सदरा धाकट्याला आणि धाकट्याचा शेंडेफळाला, ही गरिबांच्याच नव्हे तर सुस्थित घरांचीही रीत होती. नऊवारी लुगडे जुने झाले म्हणजे खरे उपयोगी पडे. नव्या लुगड्याला खळ असते, जुनेर मऊ असते. म्हणून बाळाचे पहिले झबले आणि दुपटे जुनेराचे. नवजात मुलाला पहिल्याने नवे कपडे घालू नयेत, दुसऱ्या घरातल्या धडधाकट मुलाचे मागून आणून घालावेत, अशी समजूत पुष्कळ घरांत होती. ती भाबडी म्हणून सोडून देण्यापूर्वी नव्या कापडाच्या खळीचा आणि बाळाच्या कातडीचा विचार करावा. जुनेराच्या पुढच्या जन्मी गोधडी होई, देशावर तिलाच वाकळ म्हणत. आत विटलेल्या धोतरांचे थर, वर दोन लुगड्यांचे बरे उरलेले पदर, आणि धावदोऱ्याच्या ओळी कडेकडेने मध्यापर्यंत. आमच्या कोंकणी वाचकांना याचे आणखी एक रूप ठाऊक असेल. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या रानांत राहणारे सिद्दी लोक घरात कोंकणीच्या वळणाची बोली बोलतात. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून ‘कवंदी’ शिवतात. आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणल्या गेलेल्या लोकांची ही शिवण आता शहरांतल्या प्रदर्शनांत मांडली जाते आणि चांगल्या किमतीला विकली जाते. जुनेराचे एवढे भाग्य क्वचितच उघडते. एरवी गोधडीही झिजते, तिचे पोतेरे होते, आणि शेवटची चिंधी काकड्याला किंवा दिव्याच्या वातीला जाते.

घराचा उंबरठा ओलांडला की मात्र उतरणीचा अर्थ पालटतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाचे वस्त्र कोणते असावे हे सांगितले आहे: मेलेल्या माणसाचे. त्याच अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावे तेही सांगितले आहे: उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे. वकील या नात्याने आम्हांस यातली एक गोष्ट विशेष वाटते. हे दान म्हणून सांगितलेले नाही, नियम म्हणून सांगितले आहे. जुने वस्त्र गरिबाला मिळावे एवढाच जर हेतू असता तर ‘द्यावे’ म्हणून भागले असते. येथे वस्त्र ही ओळखपत्रासारखी वस्तू आहे. रस्त्याने जाणाऱ्याच्या अंगाकडे पाहून त्याची पायरी कळावी. महाराष्ट्रातल्या गावगाड्यातही प्रेतावरचे कापड हे महारांच्या हक्कांत मोडत असे. त्याला ‘हक्क’ म्हणत, यातच सारी गोम आहे. ग्रहण सुटताना ‘दे दान सुटे गिराण’ अशी आरोळी गल्लीतून येई आणि आतून जुने कपडे दाराबाहेर पडत. घेणाऱ्याने ते घेतले नाहीत तर ग्रहणाचा दोष देणाऱ्याच्याच माथी राहायचा. म्हणजे गरज खरी देणाऱ्याची होती. पण उपकार मात्र घेणाऱ्याच्या खाती लिहिला जाई. जमाखर्चाची ही लबाडी कोणत्याही लवादापुढे टिकली नसती.

वरच्या पायरीवरही नियम हाच होता, फक्त त्याला जर लावलेली होती. मोगल दरबारात खिलतीचा सर्वांत मानाचा प्रकार म्हणजे बादशहाच्या स्वतःच्या अंगावरून उतरलेले वस्त्र. त्याला ‘मलबूस-ए-खास’ म्हणत. म्हणजे सरदाराला मिळाली तीही उतरणच. ती अंगावर घेतली की घेणारा देणाऱ्याचा झाला. १६६६ च्या मे महिन्यात आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांचा संताप उसळला त्यात खिलतीच्या वाटपात झालेला अवमान हे एक कारण होते. आणि मागाहून ती देऊ केली तेव्हा महाराजांनी नाकारली. नाकारण्याची ताकद असलेल्यांपैकी ते एक होते. ग्रहणाच्या दिवशी गल्लीत उभ्या असलेल्याला ती नव्हती.

ती ताकद आणण्याचा प्रयत्न महाडला झाला. १९२७ च्या डिसेंबरमध्ये २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले, त्या परिषदेसाठी जमलेल्या स्त्रियांना उद्देशून डॉ. आंबेडकरांनी जे सांगितले त्यात वस्त्राचा विषय मोठा होता. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण अंगावर बाळगू नका. कपड्याला ठिगळे असली तर असोत, पण तो स्वच्छ असू द्या, असा त्याचा आशय होता. ज्या परिषदेने मेलेल्याचे वस्त्र नेमून देणारा ग्रंथ जाळला, तिच्याच मंडपात ठिगळाची लाज काढून टाकली गेली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लाज फाटक्याची नव्हती. ते अंगावर कोणत्या वाटेने आले याची होती. गावकीचे कनिष्ठ वतन मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने गेले, आणि त्याबरोबर असल्या हक्कांचा कागदी आधारही गेला. सालगड्याची गोष्ट याहून थोडी बरी होती. पाडव्याला ठराव होई तेव्हा धान्य, रोकड यांबरोबर धोतरजोडी, घोंगडे, वहाणा बोलून घेतल्या जात. ते वस्त्र कामाच्या मोबदल्यात येई. आणि मालकाने नव्याऐवजी जुनी जोडी पुढे केली तर गडी ती परत करू शके, निदान तोंडाने तरी.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. महाराष्ट्रातल्या शहरांत जुनेराला बाजाराची वाट दाखवली ती बोहारणीने. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेला कपड्यांचे गाठोडे, आणि दुपारी पुरुष घराबाहेर असताना चाळीत घुमणारी हाक. मुंबईत आणि इतर शहरांत हा धंदा करणाऱ्यांत मूळ गुजरातेतल्या वाघरी समाजाचे लोक फार. हे लोक आता स्वतःला देवीपूजक म्हणवतात. जुने कपडे द्यायचे आणि भांडे घ्यायचे, असा रोखठोक व्यवहार. स्टेनलेस स्टील घरोघर आले त्यात बोहारणीचा हात किती होता याचा हिशेब कोणी मांडला नसला, तरी फळीवरच्या पातेल्याकडे बोट दाखवून ‘हे त्या दोन पँटींचे’ असे सांगणाऱ्या गृहिणी आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. पुढे भांड्यांच्या जोडीला प्लास्टिकच्या बादल्या आणि टब आले. जरीच्या साड्यांचा व्यवहार निराळाच. त्या घेणारा जर जाळून चांदी काढीत असे, आणि म्हणून तो पदराकडे पाही, साडीकडे पाहतच नसे.

बोहारणीशी होणारी घासाघीस ही आमच्या मध्यमवर्गीय बायकांची खरी वकिली होती असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ‘एवढ्याशा डब्याला चार साड्या? वेडी का खुळी मी?’ ही फिर्याद. ‘ताई, साडीला पदरापाशी खोंबारा हाय, कोन घेतंय’ हा बचाव. मग पुराव्याची तपासणी, साडी उजेडात धरून. मग पाठ फिरवून दोन पायऱ्या उतरणे, आणि तडजोड. कायद्याच्या नजरेने पाहिले तर ही विक्री नव्हेच. मालविक्री अधिनियम, १९३० प्रमाणे विक्रीला किंमत लागते आणि किंमत म्हणजे पैसा. दोन्ही बाजूंनी वस्तूच असेल तर ती अदलाबदल, आणि तिची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ११८ व्या कलमात आहे. पण याहूनही गमतीची गोष्ट दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. १९०८ च्या या संहितेच्या ६० व्या कलमात हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी काय जप्त करता येते ते सांगितले आहे, आणि काय जप्त करता येत नाही त्याची यादी दिली आहे. त्या यादीतली पहिलीच बाब अशी: ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. सावकाराचे हात जेथे थांबतात त्या रेषेच्या आत कपडे आणि भांडी शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. आणि बोहारणीच्या पाटीत याच दोन वस्तूंची एकमेकींशी अदलाबदल होते. संसाराचा जो भाग कोणालाही नेता येत नाही, तेवढ्यापुरतीच गरीब बाई खरी मालकीण. त्यातले एक देऊन दुसरे घेण्याचा निर्णय तिचा एकटीचा असे. नवऱ्याला तो रात्री जेवताना नवे भांडे दिसल्यावर कळे.

आदिलाबादसारख्या भागाला ही संहिता उशिरा लागू झाली. निजामाच्या राज्यात कायदे त्यांचे स्वतःचे होते. भारतात विलीन झाल्यानंतर दिवाणी संहिता, करार आणि मालविक्रीचे कायदे हैदराबाद राज्यात १ एप्रिल १९५१ पासून आले. जप्तीच्या कामात बेलिफाने केलेल्या याद्या आम्ही पाहिल्या आहेत. एका यादीत ‘जुन्या गोधड्या, नग तीन’ असे लिहून किमतीच्या रकान्यात आडवी रेघ ओढलेली होती. कायद्याने सोडलेली वस्तू, म्हणून किंमत लावण्याचे कारण नव्हते, हे खरे. पण त्या रेघेकडे पाहून थंडीच्या दिवसांत त्या तीन गोधड्यांखाली किती माणसे निजत असतील, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

गोधडीची किंमत सरकारने अशीच एकदा शून्य धरली होती, पण सोडून देण्यासाठी नव्हे. १८९७ सालच्या प्लेगात पुण्यात सोजिरांच्या तुकड्या घरे तपासत फिरत तेव्हा रोग्याच्या घरातले कपडे आणि अंथरुणे जाळली गेली. रोगाचे भय खोटे नव्हते. पण ज्याच्या घरात एकच अंथरूण होते त्याला प्लेग आणि प्लेगवरचा उपाय यांत फारसा फरक दिसला नसेल. त्या वर्षीच्या २२ जूनला रँडवर गोळी चालली, तिच्यामागच्या संतापात देवघरांच्या विटंबनेबरोबर या होळ्यांचाही वाटा होता.

आठ वर्षांनी त्याच पुण्यात कपड्यांची दुसरी होळी झाली आणि ती लोकांनी आपण होऊन केली. १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये सावरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी परदेशी कापड पेटवले. टिळक त्या वेळी हजर होते. पुढे ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला गांधीजींच्या हस्ते त्याहून फार मोठी होळी झाली. तेव्हा दीनबंधू अँड्र्यूज यांना वाईट वाटले. माणसांच्या हातांनी विणलेले कापड जाळायचे कशाला, गरिबांना द्या, असे त्यांनी लिहिले. रवींद्रनाथांनीही असाच आक्षेप घेतला की जे कपडे आपण जाळतो ते खरे पाहता उघड्यानागड्यांचे आहेत. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त याला दिलेले उत्तर जुनेराच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहून ठेवावे असे आहे. ज्यांना काम हवे त्यांना मी कपडे देऊन त्यांचा अपमान करणार नाही. त्यांना उष्टे तुकडेही देणार नाही आणि उतरलेली वस्त्रेही देणार नाही, असा त्याचा मथितार्थ. कापड जाळायचे नसेल तर ते देशाबाहेर, स्मर्नाला पाठवा, असाही पर्याय त्यांनी ठेवला होता.

महाडच्या मंडपात जे म्हटले गेले त्याच्या जवळ जाणारे हे वाक्य गांधीजींनी सहा वर्षे आधी लिहिले, हे पाहून दोन्ही बाजूंचे अभिमानी आमच्यावर रागावतील. असो. पण या वादात एक पक्षकार हजरच नव्हता असे आम्हांस वाटते. जाळा किंवा द्या, एवढेच दोन पर्याय दोन्हीकडून मांडले गेले. तो सदरा जुन्या बाजारात दोन आण्यांना विकत घेण्याला राजी असलेला हमाल कोणी विचारात घेतला नाही. त्याला दान नको होते, आणि सूत कातायला त्याच्याकडे वेळ नव्हता. सहा दिवस पाठीवर पोती वाहून सातव्या दिवशी घालायला त्याला एक धड सदरा हवा होता, आणि त्यासाठी आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे मोजायला तो तयार होता.

दुसऱ्या महायुद्धात या हमालाच्या रांगेत मध्यमवर्गही येऊन उभा राहिला. १९४३ च्या नियंत्रण हुकुमानंतर गिरणीच्या कापडावर किंमत छापून येऊ लागली आणि कापड मात्र दुकानातून नाहीसे होऊ लागले. जुनेरावर छाप नव्हता. नियंत्रण १९४८ च्या जानेवारीत उठले, किमती भडकल्या, आणि त्याच वर्षी ते पुन्हा बसले. कापडाच्या नियमांत आणि अबकारीच्या भाषेत ‘फेंट’, ‘रॅग’ आणि ‘चिंधी’ असे गिरणीच्या तुकड्यांचे लांबीवरून प्रकार पाडलेले असत. आपला ‘चिंधी’ हा शब्द सरकारी इंग्रजीत जसाच्या तसा जाऊन बसला तो असा. फेंट म्हणजे गरिबाचे नवे कापड: ठाणाचा उरलेला तुकडा, वजनावर विकला जाणारा. त्यातून पोलके निघे, पोराची चड्डी निघे. आणि हुशार शिंप्याच्या हाती पडला तर दोन्ही निघे.

जुन्या बाजाराला मात्र एक डाग पिढ्यान्‌पिढ्या चिकटलेला आहे: चोरीचा. मुंबईचा भेंडीबाजाराजवळचा बाजार चोराच्या नावानेच ओळखला जातो. मूळ ‘शोर बाजार’, आणि साहेबाच्या तोंडी ‘चोर’ झाला, अशी कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, घेणाऱ्यांना तिने फारसा दिलासा मिळत नाही. इंग्लंडात याबाबत एक जुना नियम होता. खुल्या बाजारात सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात कोणी प्रामाणिकपणे वस्तू विकत घेतली, तर ती चोरीची निघाली तरी घेणाऱ्याचीच. आणि लंडन शहरात तर रविवारखेरीज प्रत्येक दिवशी प्रत्येक दुकान खुला बाजार मानले जाई. हा नियम तेथे १९९४ च्या कायद्याने रद्द झाला. आपल्या १९३० च्या अधिनियमाने तो कधी घेतलाच नाही. विकणाऱ्याची मालकी नसेल तर सर्वसाधारणपणे घेणाऱ्याचीही होत नाही. खरा मालक आला तर सदरा उतरवून द्यावा लागेल. फौजदारी गुन्हा मात्र तेव्हाच होतो, जेव्हा माल चोरीचा आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असते किंवा तसे मानायला कारण असते. भारतीय दंड संहितेच्या ४११ व्या कलमातली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमात आहे. बाजारातल्या ढिगातून घेतलेल्या विटक्या शर्टावर कोणी मालकी सांगायला आल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

खिशात काही सापडले तर? हा प्रश्न आम्हांस खरोखरच विचारला गेला आहे. १८४१ सालच्या मेरी विरुद्ध ग्रीन या इंग्लिश खटल्यात एकाने लिलावात घेतलेल्या मेजाच्या चोरकप्प्यात पैसे निघाले आणि त्याने ते ठेवून घेतले. न्यायालयाने म्हटले की मेज विकले म्हणून आतले पैसे विकले असे होत नाही. ते आपले नव्हेत हे ठाऊक असून ठेवले तर चोरीही होऊ शकते. तेव्हा कोटाच्या खिशातली नोट ही कोटाबरोबर विकली गेली असे समजू नये. अर्थात बोहारीण कोट पाटीत टाकण्यापूर्वी खिसे उलटे करून दाखवते, त्यामुळे हा खटला तिच्या मालाबाबत उभा राहणे कठीण.

गोव्यात जुन्या कपड्यांच्या बाजाराने एक उलटा खेळ दाखवला. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार जुना आणि आपला. पण १९७० च्या दशकात हणजुणेच्या किनाऱ्यावर बुधवारचा बाजार सुरू झाला तो परदेशातून आलेल्या हिप्पींचा. पैसे संपले की हे लोक आपल्या जीन्स, कॅमेरे, पिशव्या वाळूवर मांडून विकत. ज्या देशातल्या गरिबांसाठी पश्चिमेत जुन्या कपड्यांच्या पेट्या भरल्या जातात, त्या देशात पश्चिमेची श्रीमंत मुले स्वतःच्या विजारी विकायला बसली होती, आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागत होते.

पश्चिमेतून येणाऱ्या त्या गाठोड्यांची कथा आफ्रिकेत मोठी आहे. केनियात त्यांना ‘मितुंबा’ म्हणतात, झांबियात ‘सालौला’. पूर्व आफ्रिकेतील देशांनी २०१६ मध्ये ही आयात बंद करत नेण्याचे ठरवले. रवांडा त्यावर ठाम राहिला तेव्हा अमेरिकेने २०१८ मध्ये त्याच्या कपड्यांच्या व्यापारसवलती थांबवल्या. भारतात वापरलेले कपडे परवान्याशिवाय आणता येत नाहीत; चिंध्या मात्र आणता येतात. म्हणून कपडे आणणाऱ्याला ते फाडून आणावे लागतात, अंगात घालता येणार नाहीत असे. सुरीच्या एका रेघेने कोटाची चिंधी होते, आणि कायद्यातले कलम बदलते. त्यातल्या लोकरीच्या चिंध्या पानिपतला जातात, पिंजल्या जातात, पुन्हा कातल्या जातात आणि त्यांच्या घोंगड्या होतात. पूर-भूकंपाच्या वेळी वाटल्या जातात त्यांत या पुष्कळ असतात.

गांधीजी आणि अँड्र्यूज यांच्या वादाला आपल्या काळात एक उत्तर दिले गेले आहे. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी ‘गूंज’ ही संस्था काढली. शहरांतले वापरलेले कपडे ती गोळा करते, पण गावात ते वाटून टाकत नाही. लोक आपल्या गावची विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, तळे उपसतात, आणि त्या कामाबद्दल त्यांना कपडे मिळतात. गुप्तांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रचना चांगली आहे, आणि सालगड्याच्या ठरावाची आठवण करून देणारी आहे. तरी ज्याने दिवसभर दुसऱ्याच्या शेतात काम करून मजुरी मिळवली आहे, त्याने आणखी एक काम करून कपडा घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्यासाठी बाजार आहे.

पुण्यात तो बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात भरतो. आदिलाबादच्या खेड्यापाड्यांत ज्या गावचा जो वार असेल त्या दिवशी. त्या ताडपत्रीपुढे वाकणाऱ्यांची एक विद्या आहे आणि ती शाळेत शिकवली जात नाही. सकाळी निवड चांगली मिळते, संध्याकाळी भाव. म्हणून जाणती बाई सकाळी येऊन पाहून जाते आणि गाठोडी बांधायच्या वेळी घ्यायला येते. मधल्या काळात तो नग गेला तर गेला. शर्टाची आधी गळपट्टी पाहायची, मग काख, मग बाह्यांची मनगटे. पँट बैठकीपाशी उन्हात धरायची. उजेड आरपार दिसला तर ती आणखी दोन धुण्यांची धनीण. शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहायची. कापड गेले असेल तर ते दोऱ्यापाशी तोंड उघडते. बोट ओले करून रंग चोळायचा. बटणे मोजायची, कारण एक नसले तर सगळी बदलावी लागतात. पोरांचे कपडे एक माप मोठे. मोठ्या माणसाची रुंद पँट दिसली तर सोडायची नाही, तिच्यातून दोन पोरांच्या चड्ड्या निघतात. स्वेटर उन्हाळ्यात घ्यायचे. आणि ज्याच्यावर जीव बसला आहे तो नग हातात घेऊन भाव विचारायचा नाही, शेजारचा उचलायचा.

भाव ठरतो. त्यात विकणारीही काही गमावत नाही आणि घेणारीवर कोणाचे उपकार होत नाहीत; हा सदरा कोणाच्या अंगावरचा, असे तिला कोणी विचारत नाही आणि तीही विचारत नाही. मालविक्री कायद्याच्या १६ व्या कलमाप्रमाणे अशा मालाच्या दर्जाची हमी सामान्यतः कोणी देत नसतो, डोळे उघडे ठेवणे हे घेणाऱ्याचेच काम. ते कलम तिने वाचलेले नाही, पण ती ते पाळून चुकली आहे. बाजाराच्या टोकाला झाडाखाली शिंपी मशीन मांडून बसलेला असतो. गळपट्टी झिजलेली असली तर तो ती उसवतो, उलटी करतो आणि झिजलेली बाजू आत घालून पुन्हा शिवतो. पाच-दहा मिनिटांचे काम. तेवढा वेळ पोरगे उघडेच, नव्या सदऱ्याची वाट पाहत मशीनच्या चाकाशी उभे असते.